कांद्याच्या पापुद्र्यापुढे

(इचलकरंजीत विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

फळ्यावर विषय लिहिलाय, 'मानवी पेशी आणि ऊती : विज्ञानातील करिअरचा पाया'. त्यावर मी बोलणारच आहे. त्याआधी जरा हात वर करा. कांद्याच्या पापुद्र्यातल्या पेशी मायक्रोस्कोपखाली कुणी पाहिल्यात? सगळ्यांनी. वा. आता स्वतःच्या गालाच्या पेशी? सात-आठ हात. आणि माणसाच्या आतड्याची खरी स्लाइड? दोन. आणि त्या दोघी डीएमएलटीला, म्हणजे लॅब टेक्निशियनच्या डिप्लोमाला आहेत.

म्हणजे आपण शाळेत कांदा बघतो आणि बारावीनंतर थेट माणसाच्या पेशींवरच्या परीक्षा देतो. मधला माणूस राहूनच जातो. ३१ वर्षं हिस्टोपॅथॉलॉजीत, म्हणजे शरीरातून काढलेल्या तुकड्यांचे छेद तपासून रोग ओळखतात त्या विभागात, टेक्निशियन म्हणून काम केल्यावर मला मनापासून एकच गोष्ट सांगावीशी वाटते. ऊती, म्हणजे मिळून एक काम करणाऱ्या पेशींचा समूह, ही व्याख्येतून समजत नाही. ती कापावी लागते, बघावी लागते आणि पेन्सिलीनं कागदावर उतरवावी लागते.

आता तुम्ही म्हणाल, हे सांगायला बाई इचलकरंजीपर्यंत कशाला आल्या? पण हे सांगायला याहून योग्य गाव नाही. 'ऊती' या शब्दाचं मूळ विणण्यात आहे. संस्कृतात 'ऊत' म्हणजे विणलेलं. आपण 'ओतप्रोत' म्हणतो ना, तेही मागावरचंच, उभे धागे आणि आडवे धागे. इंग्रजीतला 'टिश्यू' फ्रेंचमधल्या विणलेल्या कापडावरून आला आणि 'हिस्टॉलॉजी'तला 'हिस्टोस' म्हणजे ग्रीक भाषेत माग. तीन भाषांतल्या शब्दांच्या मुळाशी कापडच निघालं! तुमच्यापैकी निम्म्यांच्या घरी यंत्रमाग असेल. एका इंचात किती पिक, म्हणजे आडवे धागे, बसलेत ते भिंगातून मोजताना तुम्ही वडिलांना पाहिलं असेल, त्यावरच तर मजुरी ठरते. सतराव्या शतकात हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावात एक कापड व्यापारी असंच भिंग वापरायचा, अँटनी व्हॅन ल्युवेनहॉक. लॅटिन येत नव्हतं, विद्यापीठात कधी गेला नव्हता. पण त्यानं स्वतः भिंगं घासली आणि कापडावरून नजर उचलून पाण्याच्या थेंबाकडे, रक्ताकडे, स्वतःच्या दातांवरच्या किटणाकडे वळवली. १६७४ मध्ये त्यानं लाल रक्तपेशींचं वर्णन लिहून लंडनच्या रॉयल सोसायटीला पाठवलं, तेही आपल्या डच भाषेत. कापडवाल्याची नजर होती ती. मला हा माणूस फार आवडतो. त्याच्यावर मी तासभर बोलू शकते, पण सरांनी आत्ताच घड्याळाकडे पाहिलं.

बरं, माझी गोष्ट सांगते. ती जरा लांब आहे, पण माझं सगळं म्हणणं तिच्यातच आहे.

नोकरीचं पहिलं वर्ष. लॅबचं नाव सांगत नाही. त्वचेचा चार मिलिमीटरचा एक तुकडा आला. पेशंटच्या पाठीवर काळा डाग होता आणि तो किती खोल उतरलाय हे डॉक्टरांना बघायचं होतं. असा तुकडा आधी फॉर्मलिनमध्ये ठेवतात, म्हणजे तो कुजत नाही. मग अल्कोहोलमधून पाणी काढायचं, झायलीनमधून अल्कोहोल काढायचं, आणि शेवटी वितळलेल्या मेणात, साधारण साठ अंशांच्या आत, तो मुरवायचा. मग साच्यात मेण ओतून त्यात तुकडा बसवायचा आणि थंड करायचा. याला आम्ही ब्लॉक म्हणतो. तो मायक्रोटोमवर, म्हणजे अगदी पातळ काप काढायच्या यंत्रावर चढवून चार मायक्रॉनचे छेद घ्यायचे. चार मायक्रॉन म्हणजे किती? तुमची लाल रक्तपेशी सात-आठ मायक्रॉन रुंद असते. आमचा छेद तिच्या निम्म्या रुंदीइतकाच जाड. ते छेद एकमेकांना चिकटून रिबनसारखे बाहेर येतात, कोमट पाण्यावर तरंगतात, आणि स्लाइड खालून घालून अलगद उचलायचे. पहिली रिबन सलग निघाली तेव्हा मला रांगोळीची रेघ न तुटता ओढल्याचा आनंद झाला होता.

तर मी तुकडा साच्यात ठेवला. पसरून, व्यवस्थित, आडवा. छेद घेतले, हिमॅटॉक्सिलिन आणि इओसिननं रंगवले. हिमॅटॉक्सिलिन हा मध्य अमेरिकेतल्या एका झाडाच्या खोडातून काढलेला रंग, पूर्वी कापड रंगवायला जायचा. बघा, पुन्हा कापड! तो केंद्रकाला निळं-जांभळं करतो आणि इओसिन पेशीद्रव्याला गुलाबी. रंग सुंदर बसला होता. मी खुशीत स्लाइड पाठवली. दहा मिनिटांत डॉक्टरांनी बोलावलं. म्हणाल्या, "ही त्वचा आहे ना? मग वरचा थर कुठाय?"

स्लाइडवर नुसतेच गुलाबी तंतू. वरचा थर नाही, डाग नाही, काहीच नाही.

त्या रागावल्या नाहीत. त्यांनी आपल्या पदराची घडी हातात घेतली आणि विचारलं, "घडी घातलेली साडी वरून बघितली तर किती पदर दिसतात?" एक. "आणि काठाकडून, बाजूनं?" सगळे. "मग त्वचा साच्यात कशी ठेवायची?" उभी. कडेवर. म्हणजे एकाच छेदात वरचा थर, खालचे तंतू, त्याखालची चरबी, सगळं ओळीनं दिसेल आणि डाग कुठवर उतरलाय ते मोजता येईल.

त्वचेचा वरचा थर म्हणजे स्तरित अभिस्तर ऊती, थरांवर थर असलेलं पेशींचं आवरण, हे मला तोंडपाठ होतं. परीक्षेत त्यावर पूर्ण गुण मिळाले होते. पण हातातल्या तुकड्याची वरची बाजू कुठली, हे कधी कुणी विचारलं नव्हतं. ब्लॉक पुन्हा वितळवला, तुकडा कडेवर उभा केला, नशिबानं पुरेसा उरला होता. रिपोर्ट एक दिवस उशिरा गेला. तो एक दिवस त्या पेशंटच्या घरी कसा गेला असेल, याचा विचार मी अजून करते.

दोष माझाच होता. पण मी शिकले होते कशी, तेही ऐका. आमच्या कॉलेजात पन्नास स्लाइडची सुरेख पेटी होती आणि ती कपाटात कुलूपबंद असायची. फुटेल म्हणून. आम्ही जर्नल पूर्ण करायचो ती सीनियरच्या जर्नलवरून. त्यांनी त्यांच्या सीनियरवरून. मूत्रपिंडाच्या आकृतीत एक बाण चुकीच्या नलिकेकडे गेला होता आणि तो किमान तीन बॅचेस तसाच उतरत आला. माझ्याही जर्नलमध्ये होता, खाली सही आणि 'उत्तम' असा शेरा. मुलांनो, हे मला आजही टोचतं. स्लाइड फुटली असती तर दुसरी आणता आली असती. न बघितलेली तीन वर्षं परत आणता येत नाहीत.

आणि बघितल्याशिवाय किती साध्या गोष्टी अडतात! नव्या मुली मला विचारायच्या, "बाई, या पेशीला केंद्रकच नाही, हे काय?" अगं, छेद केंद्रकाच्या बाजूनं गेलाय. आंब्याची बाजूची फोड घेतली तर तिच्यात कोय असते का? आंबा मात्र बिनकोयीचा नसतो. सपाट छेदातून मनात गोल वस्तू उभी करणं, हीच आमच्या धंद्याची खरी विद्या, आणि ती सवयीनंच येते.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं. ठीक आहे, आता जे कबूल केलंय ते भरभर सांगते.

शरीरात दोनशेहून अधिक प्रकारच्या पेशी, पण ऊतींची घराणी चारच. प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न विचारा, ही इथं काय काम करते? अभिस्तर ऊती म्हणजे पृष्ठभाग. फुप्फुसाच्या वायुकोशात हवा आरपार जायची, म्हणून एकच चपटा थर. त्वचेला घासणं सोसायचं, म्हणून थरांवर थर. लहान आतड्यात शोषायचं, म्हणून उंच पेशींचा एक थर, आणि तोही तीन ते पाच दिवसांत नवा होतो. संयोजी ऊती बांधते, भरते, पोचवते. हाड, कूर्चा, चरबी आणि रक्तसुद्धा तिच्यातच. २०१६ मधल्या एका अंदाजानुसार माणसात सुमारे ३० लाख कोटी पेशी असतात आणि त्यांतल्या दर शंभरात चौऱ्याऐंशी नुसत्या लाल रक्तपेशी. स्नायू ऊती आकुंचन पावते. चेता ऊती निरोप नेते, आणि तिच्यातल्या काही पेशींचा एकच धागा कण्यापासून पायाच्या अंगठ्यापर्यंत जातो. ही विभागणी फ्रान्समधले शरीररचनातज्ज्ञ बिशा यांनी १८०० च्या सुमाराला सुरू केली, २१ ऊती मांडल्या, आणि तेही मायक्रोस्कोप न वापरता. पुढच्या मंडळींनी त्या चारांत बसवल्या.

करिअर. डीएमएलटी, बीएस्सी एमएलटी करून हिस्टोपॅथॉलॉजीत या, सुट्या पेशी तपासणाऱ्या सायटोलॉजीत जा, वंध्यत्व उपचारांच्या लॅबमध्ये भ्रूणशास्त्राकडे वळा, बायोटेकमध्ये पेशी वाढवा. पुण्यात राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आहे, तिथून देशभरातल्या प्रयोगशाळांना पेशी पुरवल्या जातात. आणि एक नाव लिहून घ्या, कॅन्सर संशोधक डॉ. कमल रणदिवे. पुण्याच्या. १९४९ मध्ये पॅथॉलॉजिस्ट डॉ. खानोलकरांच्या हाताखाली मुंबई विद्यापीठाची डॉक्टरेट, मग बाल्टिमोरला जॉर्ज गे यांच्या प्रयोगशाळेत पेशी वाढवण्याचं तंत्र. परत आल्या आणि मुंबईत देशातली पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभी केली. हेन्रिएटा लॅक्स या कॅन्सरच्या पेशंट बाईंच्या पेशी १९५१ मध्ये प्रयोगशाळेत वाढवल्या त्या याच गे यांनी. त्या बाईंना विचारलंसुद्धा नव्हतं. ती गोष्ट वेगळ्या व्याख्यानाची आहे, पण पेशीमागं माणूस असतो हे टेक्निशियननं विसरायचं नसतं.

गालाच्या पेशींचं सांगायचं राहिलं. चूळ भरा, आत्ता सगळ्यांनी चहा-बिस्किट घेतलंय. आइस्क्रीमच्या स्वच्छ काडीनं गालाची आतली बाजू हलकेच खरवडा, स्लाइडवर पसरा, वाळू द्या, मिथिलीन ब्लूचा एक थेंब, मिनिटभरानं हळूच धुवा. काडी जंतुनाशकात टाका. चपट्या पेशी दिसतील, मधोमध निळं केंद्रक, आणि पेशीवर बारीक ठिपके दिसले तर घाबरू नका, तोंडातले जंतू आहेत ते. ल्युवेनहॉकनं पाहिलेल्यांचेच वंशज.

बाहेर व्हरांड्यात चार मायक्रोस्कोप मांडलेत. स्लाइडवरच्या नावांवर मी कागद चिकटवलाय. प्रत्येकानं एक कागद आणि पेन्सिल घ्या, दिसेल तसं काढा, आणि पृष्ठभाग कुठल्या बाजूला आहे तिथं बाण करा. नाव मी नंतर सांगेन. शेजाऱ्याच्या कागदावरून कुणी उतरवायचं नाही.