इन्स्पेक्शननंतर घराचं डील मोडलं तर

नमस्कार मंडळी. घर बघून झालं, भाव ठरला, टोकन देऊन झालं, कपाट कुठल्या भिंतीला लावायचं ते पण घरात भांडून ठरलं, आणि मग इन्स्पेक्शनचा रिपोर्ट येतो आणि सगळं अडतं. चिडतात कोणावर, तर रिपोर्ट लिहिणाऱ्यावर! त्याने बिचाऱ्याने फक्त भिंतीला ओल मोजायचा मीटर लावलेला असतो.

रिपोर्ट जाडजूड आहे म्हणजे घर वाईट असं नसतं हां. नळ गळतोय, दार घासतंय, सॉकेट सैल आहे, अशी यादी नव्याकोऱ्या घराचीही निघते. भेगांचंच घ्या ना, एक मिलिमीटरच्या आतली केसासारखी भेग बहुतेक वेळा प्लास्टर सुकताना पडलेली असते, रंगकामात बुजते. पण पाच मिलिमीटरहून रुंद, विटांच्या सांध्यांमधून पायऱ्यापायऱ्यांनी तिरकी चढलेली भेग दिसली तर पाया एका बाजूने खचतोय का हे स्ट्रक्चरल इंजिनीयरला विचारायलाच हवं. आणि स्लॅबचे पोपडे पडून सळई उघडी दिसत असेल तर प्रकरण गंभीर, कारण लोखंड गंजलं की फुगतं, गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा घेतो आणि काँक्रीटला आतून फोडतो, वरून प्लास्टर मारलं तरी आत त्याचं काम चालूच. म्हणून सगळं घर जुनं आणि छताचा एकच तुकडा ताजा रंगवलेला असेल तर मला तरी लगेच शंका येते.

ओलीचं जरा वेगळं. मीटर विजेच्या वहनावरून ओल सांगतो, भिंतीत क्षार साचले असतील तर कमी ओल असूनही आकडा चढतो. थर्मल कॅमेऱ्यालाही पाणी दिसत नाही, पृष्ठभागाचं तापमान दिसतं. त्यामुळे नुसतं ‘ओल आहे’ वाचून पळू नका, पाणी येतंय कुठून ते विचारा. वरच्या बाथरूमची गळती वेगळी, गच्चीची वेगळी, जमिनीतून चढणारी वेगळी, खर्चही वेगवेगळा.

माझं विचाराल तर बरीच डील्स भेगेने मोडत नाहीत, भेगेवर मिळालेल्या उत्तराने मोडतात. हो, गळती होती, काम करून घेतलंय, हे बिल, असं विकणारा म्हणाला तर भाव कमी करून नाहीतर दुरुस्ती करून घेऊन गाडी पुढे जाते. पण ‘अहो, सगळ्यांच्याच घरात असतं’ म्हणत तो इंजिनीयरला दुसऱ्यांदा आतच येऊ देईना, तर सोडून द्या ते घर.

टोकनचं काय? ते परत मिळणार का हे मुख्यतः आधी सही केलेल्या कागदावर ठरतं. इन्स्पेक्शन किती दिवसांत, मोठा दोष कशाला म्हणायचं, मोडलं तर पैसे कधी परत, हे टोकन देण्याआधीच लिहून घ्या आणि नकार द्यायचा तर मुदतीत, लेखी. बँकेचा व्हॅल्युअर येऊन गेला म्हणजे इन्स्पेक्शन झालं असं समजू नका, तो कर्जासाठी किंमत बघतो, तुमचे पाइप तपासत नाही. इन्स्पेक्टरही ब्रोकरने सुचवलेला नको, ब्रोकरला डील झाल्यावरच पैसे मिळतात.

आणि विकणाऱ्यांनो, मोडलेल्या डीलचा रिपोर्ट कपाटात टाकून पुढचं गिऱ्हाईक शोधायला जाऊ नका. त्याचा इंजिनीयरही तीच सळई शोधून काढणार, शिवाय माहीत असलेला दोष लपवला तर बऱ्याच ठिकाणी कायद्याचं झंझटही मागे लागतं. काम करून घ्या, नाहीतर खर्च भावातून वजा करून पहिल्याच भेटीत सांगून टाका.