शवपेटीतला हात : 'डार्क शॅडोज'

[पडद्यावर : कृष्णधवल चित्र. दफनघराची खोली. साखळ्यांनी जखडलेली शवपेटी.]

विली लूमिस. भुरटा चोर. कॉलिन्स घराण्याचे जडजवाहीर इथे पुरलेत, एवढंच त्याच्या डोक्यात आहे. तो साखळ्या काढतो, झाकण उचलतो. आतून एक हात येतो आणि त्याचा गळा धरतो. भाग संपला.

हा 210वा भाग, एप्रिल 1967चा. अमेरिकेच्या एबीसी वाहिनीवर 'डार्क शॅडोज' जून 1966मध्ये सुरू झाली. सोमवार ते शुक्रवार, भर दुपारी, अर्धा तास. मेन राज्यातलं कॉलिन्सपोर्ट नावाचं काल्पनिक बंदर, कड्यावरचा वाडा, तिथे मुलाला शिकवायला आलेली अनाथ तरुणी. भुतं असायची, पण तोंडी लावण्यापुरती. मालिका गुंडाळायची वेळ आली, तेव्हा निर्माता डॅन कर्टिसने सरळ व्हॅम्पायरच आणला : बार्नाबस कॉलिन्स. थोडे आठवडे भीती घालायची आणि मग छातीत खुंटी ठोकून मोकळं व्हायचं, असा बेत होता.

तो बेत जोनाथन फ्रिडमुळे फसला. फ्रिड मूळचा कॅनडाचा, शेक्सपिअरच्या नाटकांत मुरलेला नट. रोजची नवी संहिता मात्र त्याच्या जिभेवर बसत नसे. नजर टेलिप्रॉम्प्टर शोधायची, वाक्य मध्येच अडखळायचं. पण पडद्यावर वाटायचं, पावणेदोनशे वर्षं पेटीत पडलेला माणूस जिवंतांची भाषा आठवून आठवून बोलतोय. लेखकांचा संयमही बघा : कित्येक महिने 'व्हॅम्पायर' हा शब्द मालिकेत कुणीच उच्चारला नाही.

[पडद्यावर : वाड्याचा दिवाणखाना. भिंतीवर माइकची सावली सरकते.]

ही सावली दिसली म्हणून दृश्य पुन्हा घ्यायला कुणी थांबलं नाही. कारण टेप.

तेव्हाची व्हिडिओ टेप दोन इंच रुंद. हाताने संकलन करायचं तर तिच्यावर लोखंडाची बारीक भुकटी मिसळलेलं द्रावण लावायचं. मग चुंबकीय खुणा उमटायच्या. त्या सूक्ष्मदर्शकाखाली हेरून ब्लेडने कापायचं आणि चिकटवायचं. कापणं जरा हललं की जोडावर चित्र उडालंच. शिवाय टेप महाग, आणि ठिगळ लावलेली टेप पुन्हा वापरायची पंचाईत. त्यापेक्षा सकाळी तालीम करायची आणि नंतर अख्खा भाग नाटकाच्या प्रयोगासारखा सलग उरकायचा, हे परवडायचं. त्यामुळे फ्रिडच्या चेहऱ्यावर माशी बसली, ती राहिली. थडगी डुगडुगली, रंगमंच कामगार चौकटीत आला, तेही राहिलं. आजचे चाहते या चुका भागांच्या क्रमांकांसकट सांगतात. हसतात, पण त्या चुका काढून टाकलेली आवृत्ती त्यांना दिलीत तर घेणार नाहीत.

नोव्हेंबर 1967मध्ये मालिकेने सगळ्यात धाडसी उडी मारली. मृतांच्या आत्म्यांना बोलावायच्या बैठकीत अंधार होतो आणि वाड्यात शिकवायला आलेली ती तरुणी, व्हिक्टोरिया विंटर्स, थेट 1795मध्ये जाऊन पडते. नट तेच, भूमिका त्यांच्या पूर्वजांच्या. कॅथरीन ली स्कॉट आतापर्यंत हॉटेलात काम करणारी मॅगी होती, ती इथे बार्नाबसची प्रेयसी जोझेट. युक्ती काटकसरीची, पण तिच्यामुळे गोष्टीला खोली आली. अँजेलिक ही ठोकरलेली चेटकीण बार्नाबसला शाप देताना आपण पाहतो. म्हणजे ज्याला आधी राक्षस म्हणून भ्यायलो, त्याचं माणूसपण नंतर कळतं. हा क्रम उलटा लावला असता तर मालिका इतकी चटका लावणारी झाली नसती, असं आमचं स्पष्ट मत आहे.

शाळेतून पळत घरी येऊन टीव्हीसमोर बसणारी मुलं हा तिचा हुकमी प्रेक्षक. 2 एप्रिल 1971ला ती थांबली. शेवटच्या कथेत बार्नाबस नाहीच; फ्रिड तिथे ब्रॅमवेल नावाचा साधा, हाडामांसाचा माणूस आहे.

नव्याने बघायची असेल तर 210पासून धरा. आधीचे भाग संथ आहेत, ते नंतर चवीने बघा.

त्या काळच्या दुपारच्या कितीतरी मालिका टेपा पुसून वापरल्यामुळे कायमच्या गेल्या. 'डार्क शॅडोज'चे 1,225 भाग मात्र जवळजवळ सगळे हाती आहेत. काहींची मूळ टेप नाही, पण टीव्हीच्या पडद्यावरून फिल्म कॅमेऱ्याने टिपलेली प्रत आहे. म्हणून एखादा रंगीत भाग अचानक कृष्णधवल लागतो.

[पडद्यावर : काळोख. फक्त ध्वनी.]

एकाच भागाचं चित्र नाही. क्रमांक 1219. त्याचा फक्त आवाज उरलाय.