साकीतला अब्राहाम

मित्रहो, मी इतिहासाची शिक्षिका. पेटी वाजवायला घरी शिकले आणि पुढे ती वर्गात नेऊ लागले. यहुदी, म्हणजे ज्यू, लोकांचा इतिहास गाण्यांतून कसा शिकवता येतो, याबद्दल बोलायला तुम्ही मला बोलावलंत. मी माझ्या वर्गापासूनच सुरुवात करते.

नोकरीच्या पहिल्या वर्षी मी हा विषय पाठ्यपुस्तकात येतो तिथूनच शिकवला: हिटलर, छळछावण्या, साठ लाख माणसांचा संहार. मुलं सुन्न झाली. तास संपल्यावर एका मुलाने विचारलं, "बाई, म्हणजे आता ज्यू कुणी उरलेच नाहीत का?" आमची शाळा अलिबागपासून फार लांब नव्हती. अलिबागेत इस्राईल आळी आहे आणि त्या आळीत सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, आहे. या मुलाच्या डोक्यात मात्र ज्यू म्हणजे परदेशात मेलेली माणसं, एवढंच मी भरलं होतं. संहार शिकवायलाच हवा, त्यात काही कमी करू नये. पण जे लोक मारले गेले ते त्याआधी काय खात होते, काय गात होते, लेकरांना काय म्हणून निजवत होते, हे ठाऊक नसेल तर त्या आकड्याचं दुःखसुद्धा पुरतं कळत नाही.

दुसऱ्या वर्षी मी पेटी उघडली आणि एका साकीची चाल वाजवली. साकी म्हणजे सोळा अधिक बारा, अठ्ठावीस मात्रांची ओळ. कीर्तनात, जुन्या संगीत नाटकांत ती आपण ऐकत आलोत. मुलांना वृत्ताचं नाव सांगता आलं नाही, पण "हे कीर्तनातलं आहे" असं दोघीतिघी लगेच म्हणाल्या. मग मी सांगितलं की 1880 च्या सुमारास मुंबईत बेने इस्रायल, म्हणजे मूळच्या कोकणातल्या यहुदी, समाजाच्या तरुणांनी याच साकी, दिंडी, आर्या, ओव्या वापरून कीर्तनं रचली. त्यांत आख्यान यहुद्यांच्या पूर्वजांचं: अब्राहामाचं, योसेफाचं, मोशेचं. पेटी-तबल्याच्या साथीने, शुद्ध मराठीत.

वर्ग गप्प झाला. आपलं म्हणून जे ओळखलं, ते दुसऱ्याचंही निघालं.

या लोकांनी कीर्तन का निवडलं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. बेने इस्रायल सांगतात की त्यांचे पूर्वज नौगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून आले आणि सात पुरुष नि सात बाया तेवढ्या वाचल्या. पोथ्या समुद्रात गेल्या. पुढे ही माणसं कुलाबा जिल्ह्याच्या, म्हणजे आताच्या रायगडच्या, गावागावांत पसरली, तेलाचे घाणे चालवू लागली, शनिवारी, म्हणजे त्यांच्या विसाव्याच्या दिवशी, घाणा बंद ठेवायची म्हणून 'शनिवार तेली' म्हणवली गेली. गावांवरून आडनावं पडली: पेणकर, रोहेकर, किहीमकर, चेऊलकर, दिवेकर. प्रार्थनेतली हिब्रू जवळजवळ विसरली. राहिलं ते मुख्यतः 'शेमा', परमेश्वर एक आहे असं सांगणारं वचन. सुंता असो, लग्न असो, मरण असो, तेच म्हणायचं. नुसत्या तोंडपाठ एका वचनावर एक समाज शतकानुशतकं टिकला, हे मी मुलांना सांगते तेव्हा माझाच आवाज जरा जड होतो.

सणांची नावंही मराठी झाली. वर्षारंभ तो नव्याचा सण, प्रायश्चित्ताचा दिवस तो दारफाळणीचा, जेरुसलेमचं मंदिर पडलं त्या दिवसाचा उपास तो बिरड्याचा रोजा. वालाचं बिरडं खाऊन मंदिराचा शोक करणारी माणसं ही!

मग एकोणिसाव्या शतकात दोन गोष्टी झाल्या. कोचीनहून यहुदी शिक्षक आणि हज्जान, म्हणजे प्रार्थना गाऊन चालवणारे, कोकणात नि मुंबईत आले. त्यांच्याबरोबर हिब्रू प्रार्थना आल्या, त्यांच्या चालीही आल्या. दुसरीकडे जॉन विल्सनसारख्या मिशनऱ्यांनी मराठीतून हिब्रू व्याकरण छापलं, बायबल मराठीत आलं. आपल्याच पूर्वजांच्या कथा या लोकांना अशा आडवाटेने, परक्या हातून पुन्हा मिळाल्या. धर्म त्यांनी सोडला नाही. उलट या कथा आपल्या बायाबापड्यांपर्यंत कशा न्यायच्या, हा प्रश्न पडला. सिनेगॉगला तेव्हा ते मशीदच म्हणत. तिथली हिब्रू सगळ्यांना कुठे समजणार? शेजाऱ्यांकडे मात्र ते रोज पाहत होते की हरिदास उभा राहतो, पूर्वरंग-उत्तररंग मांडतो आणि लिहिता-वाचता न येणारी म्हातारीसुद्धा अख्खं आख्यान घरी घेऊन जाते. त्यांनी तीच वाट धरली. आज आपण 'संगीतातून इतिहास शिकवणं' ही नवी पद्धत म्हणून बोलतो. या लोकांनी ती जवळजवळ दीडशे वर्षांपूर्वीच आपल्या समाजासाठी वापरली होती.

आता हेच जगात दुसरीकडे कसं घडलं ते सांगते. सोळाव्या शतकात इस्राएल नजारा नावाचा यहुदी कवी होऊन गेला. दमास्कसच्या बाजूचा. त्याचा हिब्रू गीतांचा संग्रह 1587 मध्ये सफेद नावाच्या गावी छापला. ही दोन्ही ठिकाणं तेव्हा तुर्की साम्राज्यात. त्याने तुर्की, अरबी, स्पॅनिश गाण्यांच्या चालींवर देवाची गीतं रचली आणि गीताच्या माथ्यावर मूळ गाण्याची सुरुवात लिहून ठेवली. आपल्या पदांच्या जुन्या पुस्तकांत पदावर 'चाल' म्हणून दुसऱ्या पदाची ओळ छापलेली असते, अगदी तसंच! त्यात स्पॅनिश चाल कशी आली? 1492 मध्ये स्पेनमधून यहुद्यांना हाकललं, ते तुर्की साम्राज्यात आले, येताना गाणी घेऊन आले. फळ्यावर नुसतं 1492 लिहिलं तर मुलं ते परीक्षेपुरतं धरतात. गाणं कोणत्या वाटेने कुठे पोचलं हे नकाशावर बोट ठेवून दाखवलं की त्यांना ते सालही सांगावं लागत नाही.

वर्गात मी एक काम आवर्जून करवून घेते. मुलांनी स्वतः साकी रचायची. गोष्ट ठरलेली: अब्राहाम मुलाला बळी द्यायला मोरियाच्या डोंगरावर नेतो, आणि मुलगा विचारतो की होमासाठी कोकरू कुठे आहे. एका वर्षी वर्गाने मिळून ही केली:

मोरिया-डोंगरी जाताना, बाप न काही बोले,
विस्तव, सरपण, सगळे, बाबा. कोकरु कोठे गेले?

'कोकरू'चा रू ऱ्हस्व का केला, असं मी विचारलं. मागच्या बाकावरून उत्तर आलं, "बाई, नाहीतर तेरा होतात." बोटांवर मात्रा मोजणारी ती पोरं अर्धा तास त्या बापाच्या गप्प बसण्यावर बोलत होती. बाप का बोलत नाही? खोटं बोलायचं नाही म्हणून, की आवाज फुटत नाही म्हणून? यहुदी पंडितांनी याच कथेवर शेकडो वर्षं खल केला आहे. तिथपर्यंत आमची मुलं साकीच्या वाटेने पोचली.

एक चूकही सांगते, कारण ती इतर शिक्षकांकडून होऊ नये. एकदा स्नेहसंमेलनात आम्ही मुलांना गोल टोप्या घालून एक हिब्रू प्रार्थना म्हणायला लावली. टाळ्या पडल्या. नंतर समाजातले एक वृद्ध गृहस्थ मला बाजूला घेऊन शांतपणे म्हणाले, "ताई, ती आमची प्रार्थना आहे, कार्यक्रम नाही." मला फार लागलं, आणि ते बरोबरच होतं. तेव्हापासून प्रार्थना आम्ही फक्त ऐकतो, तीही विचारून. कीर्तनाची पदं, लग्नातल्या मेंदीची गाणी यांची गोष्ट वेगळी. ती चारचौघांत गाण्यासाठीच आहेत.

आणि जिथे बोलावणं येतं तिथे जातो. मलिद्याला आम्ही गेलो होतो. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, वर फळं. मध्ये ताट आणि भोवती सगळे मिळून संदेष्टा एलियाहूला आळवतात. 'एलियाहू हन्नाबी' हे शब्द सगळीकडच्या यहुद्यांचे. तो पोह्यांचा मलिदा मात्र कोकणातला. खंडाळ्याला एलियाहूच्या रथाची खूण खडकावर आहे अशी त्यांची श्रद्धा आहे. हे खंडाळं घाटावरचं नव्हे, अलिबागजवळचं. आकाशात गेलेला संदेष्टा या लोकांनी आपल्या गावच्या वाटेवर उतरवून घेतला.

1948 नंतर समाजातले बहुतेक जण इस्राएलला गेले. तिथे त्यांच्या यहुदी असण्यावरच शंका घेतली गेली, लग्नं अडली, त्यांनी निदर्शनं केली, आणि 1964 मध्ये ते सर्वार्थाने यहुदी आहेत असं सरकारला जाहीर करावं लागलं. आज अश्दोद, लोद, दिमोना, बीरशेबा इथल्या घरांत मलिदा होतो. 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिकही त्यांनी तिथे चालवलं. कीर्तनाची पदं काही आजींना पाठ आहेत. पूर्वी मुंबईत हिब्रू कळत नव्हती म्हणून ही पदं मराठीत रचली. आता नातवंडांना हिब्रू आपसूक येते, आणि पदातला 'विस्तव' म्हणजे काय, हे आजीला विचारावं लागतं.