गुदाशयातली पिवळी गाठ

श्रोतेहो, नमस्कार.

संडासवाटे रक्त पडतं म्हणून माणूस दुर्बिणीच्या तपासणीला येतो. रक्त मूळव्याधीचंच निघतं. पण दुर्बीण बाहेर घेताना गुदाशयाच्या भिंतीवर तुरीच्या डाळीएवढा पिवळसर उंचवटा दिसतो. वरचं अस्तर गुळगुळीत, शाबूत. चिमट्यानं दाबलं तर कडक लागतो. अशा वेळी आम्हा डॉक्टरांच्या मनात पहिलं नाव येतं ते कार्सिनॉइड.

हे नाव 1907 साली म्युनिकचे पॅथॉलॉजिस्ट, म्हणजे गाठीचे तुकडे तपासणारे डॉक्टर, झिगफ्रीड ओबर्नडॉर्फर यांनी दिलं. अर्थ, कर्करोगासारखी गाठ. पुढे 1929 मध्ये त्यांनीच सांगितलं की यातल्या काही गाठी पसरतातही. आज रिपोर्टवर याच गाठीला 'न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर' असं लिहिलेलं असतं. ते वाचून घरात रडारड होते. म्हणून आधीच सांगतो, गुदाशयातली गाठ एक सेंटीमीटरच्या आत असेल, खालच्या स्नायूत शिरलेली नसेल, तर ती पसरलेली असण्याची शक्यता फार कमी असते. पोट न उघडता, दुर्बिणीतूनच ती काढता येते.

मात्र ती पहिल्याच वेळी नीट निघायला हवी.

माझ्याकडे एक निवृत्त गुरुजी आले होते. दुसरीकडे त्यांची गाठ साधा पॉलिप समजून तारेच्या फासानं कापली होती. रिपोर्टमध्ये लिहिलं होतं, गाठ कापलेल्या खालच्या कडेपर्यंत आहे. म्हणजे थोडी आत राहिली असण्याची शक्यता. साधा पॉलिप अस्तरावर वाढतो. कार्सिनॉइड अस्तराच्या खालच्या थरात कांद्यासारखा रुतून बसतो, आणि पात कापली म्हणून कांदा निघत नाही. गुरुजींच्या आतड्यात मी पाहिलं तेव्हा गाठीच्या जागी फक्त एक पांढुरका व्रण उरला होता. व्रण झाला की थर एकमेकांना चिकटतात, गाठ उचलण्यासाठी खाली सुईनं पाणी सोडलं तरी जागा वर उचलत नाही. जे काम पहिल्या वेळी पंधरा-वीस मिनिटांत झालं असतं, त्याला दीड तास लागला.

पहिल्या वेळी काय करतात? आधी दुर्बिणीच्या टोकाच्या सोनोग्राफीनं गाठ किती मोठी आणि किती खोल आहे ते मोजतात. मग सुईनं गाठीखाली निळसर रंगाचं सलाइन सोडतात. खाली पाण्याची गादी तयार होते, गाठ स्नायूपासून वर येते. दुर्बिणीला बसवलेल्या पारदर्शक टोपीत ती ओढून घ्यायची आणि तिच्या बुडाशी रबराचं वेटोळं सोडायचं. अन्ननलिकेतल्या फुगलेल्या रक्तवाहिन्यांना बांधतात, तेच हे वेटोळं. फास वेटोळ्याच्या खालून टाकायचा, म्हणजे गाठीखालचा थरही सोबत येतो. दुसरी पद्धत जपानमध्ये विकसित झालेली, बारीक विद्युत-सुरीनं थर सोलत जाण्याची. तिला वेळ आणि सरावलेला हात लागतो. रक्तस्राव आणि आतड्याला भोक पडणं हे धोके दोन्हींत आहेत. बहुतेक वेळा ते दुर्बिणीतूनच क्लिप लावून सावरता येतात. घरी गेल्यावर लाल रक्त पडलं किंवा पोट दुखून ताप आला, तर मात्र थेट दवाखाना गाठा.

गाठ दोन सेंटीमीटरच्या वर गेली की सहसा शस्त्रक्रिया. एक ते दोनच्या मधल्या गाठींचा निर्णय सर्जन, पॅथॉलॉजिस्ट सगळ्यांनी मिळून घ्यावा.

माझं मत ठाम आहे. पिवळा, कडक उंचवटा दिसला आणि हाताशी नीट साधनं नसतील, तर डॉक्टरांनी त्या दिवशी हात आवरावा. फोटो काढावा, शेजारी शाईची खूण करावी आणि रुग्णाला पुढे पाठवावं. तुम्हीही रिपोर्ट हातात आला की विचारा, कडा मोकळ्या आहेत का? केआय-67, म्हणजे वाढीच्या मार्गावर असलेल्या पेशींचं प्रमाण, किती? तो तीन टक्क्यांच्या आत म्हणजे गाठ पहिल्या श्रेणीची, संथ वाढणारी. रक्तवाहिनीत किंवा लसवाहिनीत पेशी शिरल्यात का? दुसऱ्या डॉक्टरांकडे जाताना कागदाबरोबर स्लाइड आणि गाठीचा तुकडा ज्यात जपलेला असतो तो मेणाचा ब्लॉकही मागून न्या.

गुरुजींनी तो ब्लॉक पेढ्याच्या डबीत, कापसात गुंडाळून आणला होता. त्यांच्या दुसऱ्या तुकड्यात दोन मिलिमीटर गाठ सापडली, आणि या वेळी कडा चारही बाजूंनी मोकळ्या होत्या.