पहिली रायफल, पहिला स्कोप

मंडळी, पेनसिल्व्हेनियात हरणांचा हंगाम जवळ आला की मला हमखास विचारतात, हजार डॉलरांत रायफल आणि स्कोप, म्हणजे तिच्यावर बसवायची नेमाची दुर्बीण, दोन्ही होतील का? होतील. पण आधी कायद्याचं. तुमच्यापैकी बरेच जण एच-१बी व्हिसावर आहात. अशा माणसाने बंदूक किंवा काडतूस नुसतं जवळ बाळगणंही संघीय कायद्याने गुन्हा ठरू शकतं. याला थोडेच अपवाद आहेत आणि आपल्या कामाचा अपवाद म्हणजे राज्याचा चालू शिकार परवाना. तेव्हा आधी प्रशिक्षण, मग परवाना, मग दुकान. ग्रीन कार्डवाल्यांना ही अट नाही.

या राज्यात हरणाला सेमी-ऑटोमॅटिक, म्हणजे पुढची गोळी आपोआप भरणारी, रायफल चालत नाही. बोल्ट अॅक्शन घ्या, म्हणजे दर बारानंतर हाताने दांडा ओढून पुढची गोळी भरायची. सॅव्हेज अॅक्सिस किंवा रुगर अमेरिकन. दस्ता प्लॅस्टिकचा असतो, देखणा नसतो, पण नळी चांगली असते आणि नेम नळीवर ठरतो.

काडतुसाबाबत मात्र मी हट्टी आहे. .३०८ विंचेस्टर हे काडतूस १९५२ चं. आपल्या लष्कराच्या जुन्या एसएलआर रायफलची ७.६२ ची गोळी तिचं सख्खं भावंड. उत्तम काडतूस, पण नवख्या खांद्याला तिचा धक्का जाणवतो. धक्क्याची धास्ती बसली की चाप ओढायच्या आधीच डोळे मिटतात, नळी खाली जाते आणि हरीण जखमी होऊन पळतं. हे मी जंगलात पाहिलंय, विसरता येत नाही. म्हणून कमी धक्क्याचं .२४३ किंवा ६.५ क्रीडमूर घ्या. रेंजवर मित्राला सांगा, तुमच्या नकळत मॅगझिनमध्ये एखादं डमी, म्हणजे बार न होणारं, काडतूस घालायला. बार होत नाही तेव्हा नळी हलली, तर धास्ती आहे असं समजा.

आता स्कोप. साधा ३-९x४० पुरे, म्हणजे तीन ते नऊ पट मोठं दाखवणारा, ४० मिमी काचेचा. चोवीस पट मोठं दाखवणारी स्वस्त दुर्बीण घेऊ नका; संध्याकाळी, हरणं बाहेर पडतात नेमकं तेव्हा, तिच्यात अंधुक दिसतं. रायफलला साडेचारशे, स्कोपला अडीचशे, स्कोप रायफलवर बसवायच्या रिंगांना पन्नास, उरलेले गोळ्यांना आणि कानांच्या संरक्षणाला. डोळा आणि काच यांत साधारण साडेतीन इंच अंतर हवं, नाहीतर धक्क्याने स्कोप भुवईवर आपटतो. माझ्या भुवईवरचा हा व्रण बघा, मी ते अंतर मोजलं नव्हतं.

नेम आधी २५ यार्डांवर जुळवा. स्कोपवरचं नेम जुळवायचं बटण फिरवलं की टिकटिक होते; एक टिकटिक नेम १०० यार्डांवर पाव इंच सरकवते. म्हणजे तिथे एका इंचाला चार, आणि २५ यार्डांवर सोळा. इथेच बहुतेकांचा गोंधळ होतो आणि गोळ्यांचे दोन डबे फुकट जातात. २५ वर जमलं की १०० वर तीन-तीन गोळ्यांचे गट पाडा, मध्ये नळी थंड होऊ द्या.

आणि गोळ्या एकाच कंपनीच्या, एकाच वजनाच्या चार-पाच डबे एकदम घ्या. कंपनी बदलली की नेम पुन्हा जुळवावा लागतो.