पहिला गोल मुलीनेच मारायचा

नमस्कार मंडळी!

कोल्हापुरात चारचा फुटबॉल सामना असला की पेठेला तो दुपारी दोनपासूनच चढायला लागतो. गाड्यांना झेंडे बांधले जातात. पानपट्टीवर एकच विषय, आज टीम काय उतरवणार? दुकानांची शटरं अर्ध्यावर येतात. आमच्या घरी त्या दिवशी चहासुद्धा लवकर व्हायचा, कारण वडील आणि दोन्ही काका साडेतीनला शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर जाऊन बसले पाहिजेत. जागा ठरलेली. तीच पायरी, तीच शेजारची माणसं. त्यात एक बँकेतले साहेब, एक गवंडी, एक भाजीवाले मामा. एरवी यांची गाठ कुठे पडली असती? तिथे मात्र एकाच पुडीतले शेंगदाणे खायचे आणि गोल झाला की एकमेकांच्या गळ्यात पडायचे.

मी शिवाजी पेठेत वाढले. त्यामुळे आज जे सांगणार आहे ते मायेनंच सांगणार आहे, आणि त्यातली एक खंतही सांगणार आहे.

कोल्हापूरबाहेरच्या मंडळींना आधी आमच्या संघांची नावं ऐकवते. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम. फुटबॉलच्या टीमला तालीम का म्हणतात? कारण तालीम आधी आली, बॉल नंतर आला. शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला, 1912 मध्ये खासबाग मैदान उभं केलं, आणि पेठापेठांत तालमी बहरल्या. तांबड्या मातीत जोर मारणारी पोरं पुढे फुटबॉल खेळू लागली आणि तालमीचंच नाव छातीवर घेऊन मैदानात उतरली. म्हणजे आमच्याकडे क्लब कुणी विकत घेतलेला नसतो. तो गल्लीच्या वर्गणीवर चालतो. त्याच तालमीत गणपती बसतो आणि शहरातल्या कित्येक तालमींत मोहरमला पंजेही बसतात. मिरवणुकीत खांदा देणारी पोरं तीच, पुरात लोकांच्या घरातलं सामान बाहेर काढणारी तीच, आणि रविवारी डिफेन्सला उभी राहणारीही तीच.

या गल्ल्यांतूनच रिक्षाचालकाचा मुलगा अनिकेत जाधव 2017 च्या सतरा वर्षांखालच्या वर्ल्ड कपमध्ये भारताकडून खेळला. त्या दिवसांत आमच्याकडे ज्यांना ऑफसाइड कळत नाही त्या आज्याही टीव्हीसमोर बसल्या होत्या.

आणखी एक आठवण सांगते. कोल्हापूरच्या टीम गेली कित्येक वर्षं हंगामापुरते परदेशी खेळाडू आणतात, त्यातले बरेचसे आफ्रिकेतले. असाच एक नायजेरियन दादा आमच्या गल्लीच्या टोकाला खोली घेऊन राहायचा. पहिल्या आठवड्यात पोरं लांबून बघायची. मग एका सामन्यात त्याचा घोटा मुरगळला. संध्याकाळी तालमीचे वस्ताद, सत्तरीचे गृहस्थ, वाटीत कोमट तेल घेऊन त्याच्या खोलीवर गेले. एकाला मराठीशिवाय काही येत नाही, दुसऱ्याला मराठी येत नाही. वस्ताद अंगठ्यानं शीर शोधतायत, तो कळ सोसत दात आवळतोय, आणि दारात आम्ही आठ-दहा पोरं. शेजारच्या काकूंनी मिसळ आणि ब्रेडच्या स्लाइस पाठवल्या. त्यानंतर तो गल्लीतून चालला की दहा दारांतून हाक यायची, "दादा, जेवलास का?" ज्या देशात माणसाचा रंग बघून घरमालक दार लावतात, त्याच देशातली ही गल्ली. हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

आता खंत.

हे सगळं मी माडीच्या खिडकीतून पाहिलं. अकरा वर्षांची असताना गल्लीत खेळायला मागितलं, तर पोरं म्हणाली, तू गोलच्या मागं थांब, बॉल आणून दे. दोन वर्षं मी बॉल आणून दिला. कुणी दुष्ट नव्हतं हो. त्यात माझा सख्खा भाऊ होता. फक्त "अख्खी पेठ" म्हणताना त्या पेठेत मीही आहे हे कुणाला सुचलंच नव्हतं, मलासुद्धा नाही. आज कोल्हापुरात मुलींचे संघ आहेत, पोरी जोरात खेळतात, त्याचा आनंद आहेच. पण मधल्या काळात माझ्यासारख्या किती जणी नुसता बॉल आणत राहिल्या असतील!

दुसरी गोष्ट, ईर्षा. कोल्हापूरकराला हा शब्द समजावायला नको. ईर्षेशिवाय आमचा सामना काटाकिर्र होत नाही. पण तीच ईर्षा पायऱ्यांवर बाटल्या फेकते, सामना थांबवते, शाळकरी पोरांवर गुन्हे दाखल व्हायची वेळ आणते. पेठ एकत्र येते खरी, पण समोरच्या पेठेच्या विरोधात.

म्हणून कुणी "फुटबॉल माणसं जोडतो" असं म्हणालं की मी विचारते, कोणता नियम लावून? खेळ एकच असतो. त्याचं दार कुणाला उघडं आहे हे माणसांनी ठरवलेल्या नियमावर ठरतं. त्यासाठी जरा लांब जाऊ या, कोलंबियातल्या मेदेयीन शहरात.

1994 चा वर्ल्ड कप अमेरिकेत होता. 22 जूनला कोलंबियाचा डिफेंडर आंद्रेस एस्कोबार यानं यजमान अमेरिकेविरुद्ध बॉल अडवताना चुकून आपल्याच गोलमध्ये मारला. कोलंबिया 2-1 नं हरला. 2 जुलैला, मायदेशी परतल्यावर, मेदेयीनमध्ये त्याला गोळ्या घालून मारलं. सत्तावीस वर्षांचा होता तो. ड्रगच्या टोळ्यांनी पोखरलेलं शहर, वस्त्यावस्त्यांत पोरांच्या हातात बंदुका.

युर्गेन ग्रीसबेक नावाचा एक जर्मन माणूस तेव्हा त्या शहरात राहत होता. ज्या खेळापायी खून झाला असं जग म्हणत होतं, तोच खेळ घेऊन तो 1996 मध्ये वस्त्यांमध्ये गेला. शांततेसाठी फुटबॉल, असं त्या उपक्रमाचं नाव. मुलं-मुली एकाच संघात. आणि एक नियम असा, की तो पहिल्यांदा वाचला तेव्हा मी खुर्चीतून उठून उभी राहिले होते. संघाचा पहिला गोल मुलीनेच मारायचा. तोवर मुलांनी मारलेले गोल धरायचेच नाहीत.

थोडं थांबून विचार करा, या एका ओळीनं मैदानावर काय होतं. टोळीत नाव असलेला दांडगा पोरगा आहे, भन्नाट ड्रिबल करतो, चार जणांना चकवून गोलपाशी पोचतो. आणि तिथे त्याला थांबावं लागतं. मान वर करून बघावं लागतं, ती कुठे आहे? तिला पास द्यावा लागतो. तिला तो घेता येत नसेल तर शिकवावं लागतं. तिच्यावर ओरडून भागत नाही, कारण ती रुसून बाहेर गेली तर आपले सगळे गोल पाण्यात. मुलींना मान द्या असं व्याख्यान कुणीही दिलेलं नाही. फक्त जिंकण्याचा रस्ता तिच्या पायातून जातो, एवढी सोय केली.

या पद्धतीतून पुढे वाढलेल्या फुटबॉलला तीन हाफ असतात. पहिल्या हाफमध्ये बॉल नाही. दोन्ही संघ रिंगण करून बसतात आणि आजचे नियम आपसात ठरवतात. दुसऱ्यात खेळ, तोही रेफ्रीशिवाय. फाऊल झाला तर पोरांनीच हात वर करायचा, भांडण झालं तर पोरांनीच मिटवायचं. एक मध्यस्थ असतो, पण त्याच्याकडे शिट्टीची सत्ता नसते. तिसऱ्या हाफमध्ये परत बसायचं आणि समोरच्या संघाला खिलाडूपणाचे गुण द्यायचे. ते गुण एकूण गुणांत धरले जातात, त्यामुळे गोलमध्ये हरलेला संघही सामना जिंकू शकतो. आमच्या पेठांतल्या ईर्षेला हे औषध लागू पडेल की नाही, मला ठाऊक नाही. पण शालेय स्पर्धांत एखादं वर्ष करून बघायला काय हरकत आहे?

आता आपल्या नागपूरला येऊ. हिस्लॉप कॉलेजमधले तेव्हाचे क्रीडा शिक्षक विजय बारसे यांची गोष्ट तुमच्यापैकी बऱ्याच जणांना त्यांच्यावर आलेल्या चित्रपटामुळे माहीत असेल. पावसात झोपडपट्टीतली पोरं फुटकी बादली लाथाडत खेळताना त्यांना दिसली. सरांनी त्यांना खरा बॉल दिला आणि 2001 मध्ये झोपडपट्टी फुटबॉल सुरू झाला. त्या नावातच दार उघडलंय बघा. जो शब्द शिवीसारखा वापरला जातो, तोच स्पर्धेच्या नावात. पुढे स्लम सॉकर म्हणून हे काम देशभर गेलं, 2016 मध्ये फिफाचा विविधतेसाठीचा पुरस्कार मिळाला. इथली पोरं बेघरांच्या वर्ल्ड कपमध्येही खेळली. 2003 मध्ये ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरात सुरू झालेली ही स्पर्धा. चार-चार जणांचे संघ, सात-सात मिनिटांचे दोन हाफ, आणि एक नियम मला फार आवडतो. कितीही चांगला खेळाडू असो, आयुष्यात एकदाच खेळायचं. पुढच्या वर्षी ती जागा दुसऱ्या कुणाची तरी.

मुंबईत कफ परेडच्या आंबेडकर नगरमध्ये अशोक राठोड यांनी 2006 मध्ये ऑस्कर फाउंडेशन सुरू केलं. तिथली पोरं शाळा सोडून ससून डॉकवर कामाला जायची. त्यांचा नियम पाच शब्दांचा, शाळा नाही तर फुटबॉल नाही. आणि मुंब्र्यात परचम या संस्थेबरोबर मुलींनी फुटबॉलसाठी मैदानाची जागा मागितली. 1992-93 च्या दंगलींनंतर जिथे असंख्य मुस्लिम कुटुंबं आसऱ्याला आली, ते हे मुंब्रा. तिथल्या मुलींच्या फुटबॉल स्पर्धेला नाव दिलं फातिमाबी आणि सावित्रीबाईंचं. पुण्यात एकत्र शाळा चालवणाऱ्या दोघी, आता एकाच चषकावर.

शेवटी माझं सांगते. गेल्या हिवाळ्यात गल्लीतल्या चौदा पोरांना घेऊन जवळच्या पटांगणावर गेले. नऊ मुलं, पाच मुली. गोलला खांब म्हणून दोन-दोन विटा. नियम सांगितला, पहिला गोल मुलीनेच मारायचा. पोरांनी गलका केला, "ताई, असं कुठं असतंय व्हय?" वीस मिनिटं एकही गोल धरला गेला नाही. मुलांनी सहा मारले, सहाही वाया. मग एक पोरगा, सगळ्यात जास्त भांडलेला, एका मुलीला विटांपाशी घेऊन गेला. ती अनवाणी होती. त्यानं स्वतःचे बूट काढले, तिच्याशेजारी अनवाणी उभा राहिला आणि दाखवायला लागला, "चवड्यानं नको मारू. हितनं मार, आतल्या बाजूनं." तिनं मारला. विटेला लागून बाहेर गेला. तो पळत जाऊन बॉल घेऊन आला. परत मारला, परत बाहेर. तो परत पळाला.

मी गोलच्या मागं उभी होते, जुन्या जागेवर. पाचव्या वेळी बॉल माझ्याकडे आला, विटांच्या मधून.