राजवाड्यात कोण कुठं बसलं

अध्यक्ष महोदय आणि मंडळी,

पत्रिकेवर माझा विषय ‘प्रतापसिंह हायस्कूलच्या इमारतीचा इतिहास’ असा छापलाय. तो मी दिलेला नाही. मी संयोजकांना फोनवर म्हणालो होतो, ‘राजवाड्यात कोण कुठं बसलं’ यावर बोलतो. ते म्हणाले, सर, पत्रिकेत बरं दिसत नाही. तेव्हा नाव त्यांचं, व्याख्यान माझं.

राजवाडा, म्हणजे या हायस्कूलची इमारत, कुठं आहे, हे सातारकरांना सांगायला नको. बाहेरच्या पाहुण्यांसाठी सांगतो: गोलबागेसमोर. आणि गोलबाग? राजवाड्यासमोर. आपल्याकडं पत्ता असाच सांगतात, आणि माणूस पोचतोही.

माझं म्हणणं साधं आहे. वाडा म्हणजे आधी बसण्याची व्यवस्था. भिंती, खांब, कौलं नंतर. सदरेवर कुणी बसायचं, कुणी पायरीपाशी उभं राहायचं, हे आधी ठरतं आणि मग त्याभोवती लाकूडकाम उभं राहतं. दरबारात आपण कितव्या जागी बसतो यावरून घराण्याघराण्यांत पिढ्यान् पिढ्या अबोला असायचा. हसू नका, लग्नाच्या पंगतीत अजूनही असतो. पहिल्या पंगतीला न बसवल्यामुळं आमच्या एका आत्यानं माहेर बारा वर्षं सोडलं होतं.

तर हा जुना वाडा प्रतापसिंह महाराजांचा, 1824 च्या सुमाराचा. 1818 मध्ये पेशवाई बुडाली आणि इंग्रजांनी महाराजांना साताऱ्याच्या गादीवर बसवलं. ‘बसवलं’ हे क्रियापद लक्षात ठेवा. शेजारी इंग्रजांचा रेसिडेंट, म्हणजे दरबारातला प्रतिनिधी, ग्रँट डफ. 1822 मध्ये कारभार महाराजांच्या हाती आला, पण गादी कुणी दिली हे देणारा विसरला नव्हता. महाराज रोजनिशी लिहायचे, रस्ते बांधायचे, शहराला पाणी आणायचे. शिक्षणाची तर त्यांना विलक्षण ओढ. आज त्यांचं नाव हायस्कूलला आहे ते उगाच नाही.

आता इथं मला जरा आडवाटेनं जाऊ द्या. ही इमारत नेमकी कोणकोणत्या कामाला कधी वापरली गेली, त्याचे कागद बघावेत म्हणून मी एका कार्यालयात गेलो. कुठल्या, ते सांगणार नाही, मला अजून पेन्शनची कामं असतात. टेबलामागं एक गृहस्थ. अर्ज वाचून म्हणाले, ‘काय पाहिजे?’ म्हटलं, इमारतीचे जुने कागद. ‘इमारत तुमच्या नावावर आहे का?’ म्हटलं, नाही, छत्रपतींच्या नावावर होती. ‘मग त्यांचं संमतिपत्र जोडा.’ मला वाटलं, गंमत करताहेत. चेहरा बघितला. गंमत नव्हती.

अभ्यागतांसाठी खुर्ची एकच, तिच्यावर फायलींचा ढीग छातीपर्यंत. मी ढीग उचलायला हात घातला तर ओरडले, ‘हात लावू नका, तिथं क्रम आहे!’ तीन दिवस मी उभा. गुडघे बोलायला लागले. चौथ्या दिवशी ते रजेवर होते, आणि शिपाई माझ्याच शाळेतला निघाला, माझ्या हातच्या छड्या खाल्लेला. तो म्हणाला, ‘सर, बसा की.’ त्यानं ढीग उचलून जमिनीवर ठेवला. खालून तिसरी फाईल मला हवी असलेली! तीन दिवस मी जिच्यासाठी उभा होतो, तीच माझ्या खुर्चीवर बसलेली होती.

आत काय होतं? कौलं बदलण्याचा अंदाज. चुन्याचा हिशेब. पन्हाळी गळते, अशी तक्रार. पुढच्या वर्षी तीच तक्रार, तेच अक्षर. त्याच्या पुढच्या वर्षी तीच तक्रार, अक्षर जरा चिडलेलं. ‘दोन बाकं नादुरुस्त.’ मला त्या बाकांवरच बोलायचंय, कारण बाक आलं म्हणजे...

अध्यक्षांनी चिठ्ठी दिलीय. ‘10 मिनिटे’. अहो, मी आत्ता कुठं 1822 ला आलोय! बरं, पळतो.

1839 चा सप्टेंबर. महाराजांनी इंग्रजांच्या अटींवर सही करायला नकार दिला. पहाटेच्या अंधारात रेसिडेंट ओव्हन्स वाड्यात शिरला, महाराजांना बाहेर काढलं आणि पुढं काशीला नेऊन ठेवलं. तिथंच 1847 मध्ये ते वारले. रंगो बापूजी त्यांची बाजू मांडायला विलायतेत बसून राहिले, त्यावर पुन्हा केव्हातरी. गादीवर भाऊ शहाजी ऊर्फ आप्पासाहेब. शेजारचा नवा वाडा त्यांचा. 1848 मध्ये तेही गेले. दत्तक डलहौसीला मान्य नव्हता. संस्थान खालसा. गादी रिकामी, वाडा सरकारचा, आणि काही काळानं राजाच्या वाड्यात सरकारी हायस्कूल भरू लागलं. एकट्यानं बसायच्या वाड्यात वर्ग भरले, एवढं ध्यानात घ्या.

त्या हायस्कुलात 7 नोव्हेंबर 1900 रोजी इंग्रजी पहिलीत एका मुलाचं नाव दाखल झालं. भिवा रामजी आंबेडकर, रजिस्टरचा क्रमांक 1914. 1904 पर्यंत तो इथं होता. 2017 पासून ही तारीख राज्यात विद्यार्थी दिन म्हणून पाळतात. आडनावाची आणि गुरुजींची गोष्ट तुम्हाला पाठ आहे, मी सांगत नाही.

पण बसायचं कुठं? साताऱ्यातल्या शाळेच्या दिवसांबद्दल बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलंय. वर्गात इतरांमध्ये बसता येत नसे, कोपऱ्यात वेगळं बसायचं, खाली स्वतःचं गोणपाट. शाळा झाडणारा नोकर त्याला शिवत नसे, म्हणून ते रोज संध्याकाळी घरी न्यायचं आणि सकाळी परत आणायचं. तहान लागली तर नळ शिपायानं सोडायचा. शिपाई नाही, तर पाणी नाही. आणि हे त्या गावात, जिथं पाणी आणल्याबद्दल आपण महाराजांचे गोडवे गातो.

दोनच मिनिटं. आंबेडकरांचं बिऱ्हाड सदर बझारला, कॅम्पात. गेल्या आषाढात मी तिथून राजवाड्यापर्यंत चालून बघितलं, काखेत गोणपाटाची घडी. पोवई नाक्याला एक ओळखीचा भेटला. म्हणाला, ‘सर, बटाटे कुठं स्वस्त मिळाले?’ पुढं चढ आहे. मोती चौकापर्यंत पाऊस लागला आणि गोणपाट असं जड झालं की हात बदलावा लागला. त्याला वास येतो, ओल्या तागाचा, शर्टाला लागतो. घरी आणून वाळत घातलं, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ओलंच. पण शाळा तर सकाळी असणार. म्हणजे पावसाळ्यात तो मुलगा ओल्यावरच बसत असणार, चार पावसाळे.

घंटा वाजली का? बसतो.